शून्य टक्के शुल्क आणि बंद दार

मे २०२५ मध्ये मुंबईहून विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या निदान १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. निर्यातदारांचे म्हणणे असे की नवी मुंबईच्या केंद्रात आंब्यावर नियमाप्रमाणे विकिरण, म्हणजे कीड मारण्यासाठी किरणांचा मारा, झाले होते; खोट काढली गेली ती त्याच्या प्रमाणपत्रात. माल परत न्या किंवा इथेच नष्ट करा, असे दोन पर्याय मिळाले. नासणारा माल परत आणण्याचा खर्च मालाहून जड, म्हणून तो तिथेच नष्ट करावा लागला. नुकसान पाच लाख डॉलरच्या घरातले सांगितले गेले. त्याच आठवड्यांत आपल्याकडे प्रत्येक वाहिनीवर आणि प्रत्येक गटात एकच हिशेब चालू होता: अमेरिका भारतावर २६ टक्के शुल्क लावणार की १० टक्क्यांवर भागणार? त्या १५ खेपांना या हिशेबाचा काहीही उपयोग नव्हता. शुल्क भरण्याची वेळच त्यांच्यावर आली नाही.

हा वाद चुकीच्या आकड्यावरून घातला जातो आहे, असे मला गेली काही वर्षे सतत वाटते. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी जो फलक हातात धरला, त्यावर भारत अमेरिकी मालावर लावतो ते शुल्क म्हणून ५२ टक्के लिहिले होते आणि त्यात चलनातील फेरफार व व्यापारातले अडथळेही मोजले आहेत असा दावा होता. तो आकडा आला कुठून? २०२४ मध्ये अमेरिकेने भारताकडून सुमारे ८७ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि भारताशी तिची वस्तुव्यापारातली तूट सुमारे ४६ अब्ज डॉलरची होती. तुटीला आयातीने भागले की ५२ टक्के येतात. त्यात एकही शुल्क मोजलेले नाही, एकही अडथळा मोजलेला नाही. आणि आपण काय केले? एका बाजूने म्हटले, खरेच आहे, आपले सरासरी आयातशुल्क १७ टक्के आणि अमेरिकेचे जेमतेम ३.३, म्हणजे दोष आपलाच. दुसऱ्या बाजूने म्हटले, १७ म्हणजे ५२ नव्हे, आणि विकसनशील देशाला तेवढा हक्क आहे. दोघेही टक्केवारीच मोजत राहिले. माल अडवण्याचे काम आज जगभर मोठ्या प्रमाणात शुल्काऐवजी नियम, परवाने, तपासण्या आणि प्रमाणपत्रे करतात. ही दोन हत्यारे एकमेकांची जागा घेतात. एक म्यान केले की दुसरे बाहेर येते. म्हणून माझे म्हणणे असे आहे: शुल्क कमी झाले याचा आनंद मानण्याआधी त्याच्या जागी काय आले ते पाहावे, आणि एखाद्या देशी उद्योगाला संरक्षण द्यायचेच असेल, तर ते उघडपणे शुल्क लावून द्यावे, गुणवत्तेच्या नावाखाली दार लावून देऊ नये. हे दुसरे म्हणणे मी अमेरिका-युरोपला उद्देशून करतो आहे तितकेच दिल्लीला उद्देशूनही.

आंब्याचेच उदाहरण आणखी थोडे पुढे नेतो, कारण याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. युरोपीय संघात ताज्या आंब्यावर आयातशुल्क शून्य आहे. कोणत्याही कराराची गरज नाही, वाटाघाट नाही, शून्य म्हणजे शून्य. तरीही १ मे २०१४ पासून, ऐन हापूसच्या हंगामात, युरोपने भारतीय आंबा पूर्ण बंद केला. आदल्या वर्षी भारताच्या फळांच्या व भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या, हे कारण होते. बंदी उठायला जानेवारी २०१५ उजाडला. जपानने आपला आंबा १९८६ पासून २००६ पर्यंत घेतला नाही. अमेरिकेने १९८९ पासून २००७ पर्यंत घेतला नाही. तिथे आंब्यावरचे शुल्क किलोमागे काही सेंट होते, पण १८ वर्षे ते भरण्याची संधी कोणाला मिळाली नाही. दार उघडले ते लासलगावच्या केंद्रामुळे. भाभा अणुसंशोधन केंद्राने मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून उभारलेल्या त्या केंद्रात आंब्यावर किमान ४०० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रेचे विकिरण करायचे, अमेरिकेचा निरीक्षक तिथे हजर ठेवायचा आणि त्याचा खर्च आपण सोसायचा, या अटींवर पहिली पेटी गेली. याच वाटाघाटीत भारताने अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींसाठी प्रदूषणाचे युरोपीय निकष मान्य केले. त्या मोटारसायकलींवरचे जबर शुल्क मात्र तसेच राहिले, इतके की २०१८ मध्ये ते ५० टक्क्यांवर आणल्यावरही ट्रम्प तक्रार करत होते. तरी गाड्या आल्या, विकल्या गेल्या. जबर शुल्क असलेली गाडी आत आली आणि शून्य शुल्क असलेला आंबा दाराबाहेर राहिला. मग अडथळा कशाला म्हणायचे?

शुल्काचा आकडा एक सांगतो आणि प्रत्यक्षात दुसरेच घडते, हे मुंबईला तर सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. रुपया घसरला, तिजोरी रिकामी झाली, म्हणून ब्रिटिश सरकारने १८९४ मध्ये आयातीवर पुन्हा ५ टक्के शुल्क बसवले. इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या लँकेशायरने आरडाओरडा केला. त्यावर १८९६ मध्ये तोडगा निघाला: विलायती कापडावर साडेतीन टक्के शुल्क, आणि मुंबईच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर. कागदावर पाहाल तर हिंदुस्थानाला साडेतीन टक्क्यांचे संरक्षण होते. वस्तुतः संरक्षण शून्य होते, कारण एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने सीमेच्या आत काढून घेतले होते. तो कर जायला १९२५ साल संपावे लागले. आज व्यापारतज्ज्ञ ज्याला 'सीमेच्या आतले अडथळे' म्हणतात, त्याचा इतका स्वच्छ धडा आपल्याच इतिहासात असताना आपण फक्त सीमेवरचा आकडा वाचतो, याचे मला नवल वाटते.

शुल्क आणि शुल्केतर अडथळे यांचे नाते दाबलेल्या फुग्यासारखे आहे. १९४७ मध्ये जिनिव्हात २३ देशांनी गॅट, म्हणजे शुल्क आणि व्यापाराविषयीचा सर्वसाधारण करार केला. त्याचा मूळ हेतूच असा होता की कोटे आणि बंद्या काढून त्या जागी शुल्क आणावे, आणि मग वाटाघाटींनी ते शुल्क हळूहळू उतरवावे. शुल्के खरेच उतरली. पण दुसरीकडे फुगवटा आला. १९८१ मध्ये अमेरिकेचे मोटारींवरचे शुल्क ३ टक्क्यांच्या आतच होते, म्हणजे जवळपास नव्हतेच. तेव्हा जपानला सांगण्यात आले की तुम्ही होऊनच निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांवर थांबवा. जपानी कंपन्यांनी संख्या थांबवली आणि महागड्या गाड्या पाठवायला सुरुवात केली. गाड्या महागल्या आणि वाढीव नफा जपानी कंपन्यांकडे गेला. तोच पैसा शुल्क लावून अमेरिकेच्या तिजोरीत आला असता. १९८२ मध्ये फ्रान्सने हुकूम काढला की बाहेरून येणारा प्रत्येक व्हिडिओ रेकॉर्डर पॉइटिए या आतल्या गावातल्या छोट्याशा कस्टम कचेरीतूनच सोडवायचा, बंदरापासून शेकडो किलोमीटर दूर, मोजक्या कर्मचाऱ्यांकडून. शुल्काचा दर एक टक्काही वाढवला नाही. माल मात्र गोदामांत साचला.

आपणही यात मागे नव्हतो. जागतिक व्यापार संघटनेत खटला हरल्यावर भारताने एप्रिल २००० आणि एप्रिल २००१ अशा दोन टप्प्यांत १,४२९ वस्तूंवरचे आयातनिर्बंध उठवले. त्याच दोन तारखांच्या मध्ये, नोव्हेंबर २००० मध्ये, १३१ वस्तूंच्या आयातीवर भारतीय मानकांची सक्ती आली. मुंबईत वाढलेले, सिडनहॅम कॉलेजात शिकलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती याला संरक्षणाच्या अक्षय्यतेचा नियम म्हणतात: एका जागी घटले की दुसऱ्या जागी तेवढेच वाढते.

इथे एक कबुली द्यायला हवी. शुल्क आणि नियम यांतली सीमारेषा मी दाखवतो तितकी स्वच्छ नाही. १९०२ च्या जर्मन शुल्कपत्रकात, समुद्रसपाटीपासून किमान ३०० मीटर उंचीवर वाढवलेल्या आणि वर्षातून निदान एक महिना ८०० मीटरवर चरलेल्या विशिष्ट जातीच्या गुरांना कमी दर होता. देशाचे नाव कुठेही नाही, पण सवलत स्वित्झर्लंडच्या गाईंनाच मिळावी अशी ती व्याख्या होती. म्हणजे शुल्कातही लपवाछपवी करता येते. आणि युरोपची कार्बन सीमा यंत्रणा, जी माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनाचे पैसे आयातीवर आकारते आणि जी १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट वगैरेंवर पूर्णपणे लागू झाली, ती नियम आहे की शुल्क? मोजणी नियमाची आणि वसुली पैशांची, असा तो संकर आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात आपल्या ९९ टक्के वस्तूंवरचे शुल्क शून्य झाल्याची बातमी पहिल्या पानावर आली, पण ब्रिटनच्या येऊ घातलेल्या कार्बन करातून सूट मिळाली नाही, ही गोष्ट वाचकांपर्यंत फारशी पोहोचली नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. प्रत्येक नियम म्हणजे अडथळा नव्हे. २००८ मध्ये चीनच्या दुधात मेलामाइन सापडल्यावर भारताने तिथले दुग्धपदार्थ बंद केले. तिथे शुल्क लावून काय साधले असते? विषाला टक्केवारी लावता येत नाही. आणि द्राक्षांची गोष्ट तर नाशिक-सांगलीत कोणीही सांगेल. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. त्यांची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. आपल्या प्रयोगशाळांच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. कंटेनर बंदरात अडकले, भाव कोसळले, अनेक बागायतदार कर्जात गेले. त्या तडाख्यानंतर प्लॉटवार नोंदणी, तोडणीआधी नमुना, पुण्याजवळच्या मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्राची देखरेख ही व्यवस्था आणखी कडक झाली आणि आज युरोपात भारतीय द्राक्षाला जो मान आहे तो त्यातूनच आला. युरोपच्या नियमाने आपल्या शेतकऱ्याचे भले केले, हे मान्य करायला मला जराही संकोच नाही. (देशातल्या मंडईत येणाऱ्या द्राक्षाची अशी प्लॉटवार तपासणी होत नाही, ही गोष्ट मात्र मला आजही बोचते.)

पण हाच दाखला नीट पाहा. द्राक्षाचा नियम पाळता आला, कारण तो आकड्यात लिहिलेला होता. ०.०५ म्हणजे ०.०५. तो गाठायला किती खर्च येईल, कोणते औषध कधी थांबवायचे, कोणत्या प्रयोगशाळेत जायचे, हे शेतकऱ्याला कळू शकत होते, आणि गाठल्यावर दार उघडत होते. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या करारानेही हाच निकष घातला आहे: धोक्याचा शास्त्रीय पुरावा हवा, आणि नियम धोक्याच्या मानाने हवा. ज्या नियमात हे दोन्ही नाही, त्याला आरोग्याचा नियम म्हणणे ही फसवणूक आहे. युरोपने अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे धान्या-दाण्यांवरच्या बुरशीतून तयार होणाऱ्या विषाची, मर्यादा कडक करायचे ठरवले तेव्हा जागतिक बँकेच्या संशोधकांनी २००१ मध्ये अंदाज मांडला की त्याने अब्ज लोकांमागे वर्षाला दीड मृत्यूही टळणार नाही, उलट आफ्रिकेची धान्य, सुकामेवा आणि दाण्यांची निर्यात ६४ टक्क्यांनी, म्हणजे ६७ कोटी डॉलरने घटेल. त्या पैशावर जगणाऱ्या सेनेगलच्या भुईमूग शेतकऱ्याच्या घरातल्या मृत्यूंची मोजदाद कोणी करायची?

उघड शुल्क बरे, असे मी का म्हणतो, ते पुस्तकातून पटले नाही तर कांद्यावरून पटावे. तिथे प्रश्न आयातीचा नाही, निर्यातीचा आहे, पण हत्यारे तीच, आणि ती एकामागून एक एकाच पिकावर चालवली गेली. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आले. लासलगाव-पिंपळगावात लिलाव बंद पडले, राग रास्त होता. पण व्यापारी कागदावर हिशेब मांडू शकत होता: इतका भाव, इतके शुल्क, दुबईत इतक्याला पडेल, परवडते की नाही. काही माल जात राहिला, आणि जो गेला त्याचे शुल्क सरकारी तिजोरीत जमा झाले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले. आता हलका कांदा संपलाच, कारण ८०० डॉलरला तो कोण घेणार? ८ डिसेंबरला बंदी आली आणि हिशेबच संपला. बंदीनंतर काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. दार पूर्ण बंद ठेवता येत नाही, म्हणून किलकिले होऊ लागले: अमुक देशाला इतके हजार टन, एका ठरावीक सहकारी निर्यात संस्थेमार्फतच. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातेतला २,००० टन पांढरा कांदा पाठवायला परवानगी मिळाली तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला. तो संताप प्रादेशिक अस्मितेचा होता असे म्हणून सोडून देऊ नये. शुल्क असते तेव्हा कोण पाठवणार हे भाव ठरवतो. बंदी आणि कोटा असतो तेव्हा ते एक सही ठरवते. शेतकऱ्याने भावाशी झुंजायचे की सहीपुढे रांगेत उभे राहायचे, हा त्यातला फरक आहे. बंदी ४ मे २०२४ ला उठली, शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेले. त्या काळात जो परदेशी ग्राहक दुसऱ्या देशाकडे वळला, तो तारखा पाहून परत येत नाही.

याच फरकाचा दुसरा भाग भगवतींनी १९६५ मध्ये दाखवून दिला होता. देशात स्पर्धा असेल तर शुल्क आणि कोटा यांचा परिणाम सारखाच होऊ शकतो. पण देशात एखाद्या मालाचा एकच मोठा उत्पादक असेल तर तसे होत नाही. समजा जगात एखादा धागा १०० रुपयांना मिळतो आणि आपण त्यावर २० टक्के शुल्क लावले. देशातला मक्तेदार १२० च्या वर जाऊ शकत नाही, गेला की आयात सुरू होते. शुल्क त्याला संरक्षण देते आणि त्याच्या डोक्यावर छतही घालते. आयात नियमानेच अडवली तर ते छत उडते. आता हे आपल्या घरी लावून पाहा. गेल्या दहा वर्षांत 'गुणवत्ता नियंत्रण आदेशां'ची, म्हणजे भारतीय मानकाच्या परवान्याशिवाय माल येऊ न देणाऱ्या हुकमांची, संख्या थोडक्यावरून दीडशेच्या पुढे गेली. २०२३ मध्ये ते व्हिस्कोस तंतूवर आणि पॉलिएस्टर धाग्यावर आले. व्हिस्कोस तंतू देशात मुख्यतः एकच मोठा उत्पादक बनवतो. परदेशी कारखान्याला आपला परवाना हवा, परवान्यासाठी आपल्या अधिकाऱ्याने तिथे जाऊन पाहणी करायला हवी, आणि अधिकारी गेलाच नाही तर? नकार कुठेही लिहिला जात नाही, फक्त परवाना मिळत नाही. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागवाल्याला धागा महाग पडतो आणि त्याच कापडाच्या बाजारात त्याची गाठ बांगलादेश-व्हिएतनामशी असते, जिथे असा आदेश नाही. त्या धाग्यामुळे कोणाच्या जिवाला, कोणाच्या कातडीला धोका होता, हे या आदेशांच्या समर्थनार्थ कोणी सांगितलेले माझ्या ऐकिवात नाही.

यावर उत्तर येते: चीन. अनुदानावर पोसलेला माल, खोटी बिले, आग्नेय आशियातल्या आसियान देशांतून वळवून आणलेल्या खेपा. शुल्क लावले तरी चुकवले जाते, म्हणून नियमाचीच भिंत हवी. हा युक्तिवाद हलका नाही, मानकाची सक्ती झालेल्या खेळण्यांच्या बाबतीत तो खराही ठरला असे अनेक जण सांगतात. पण खेळण्यांवर शुल्कही २०२० मध्ये २० वरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले होते, तेव्हा श्रेय एकट्या मानकाला देता येणार नाही. शिवाय खेळणे मुलाच्या तोंडात जाते, तिथे मानक हवेच. धाग्याचे तसे नाही. धाग्यात पडेल भावाने माल ओतला जात असेल तर त्यासाठी अँटी-डम्पिंग शुल्क आहे, ज्यात अर्ज करावा लागतो, नुकसान आकड्यांनी सिद्ध करावे लागते, यंत्रमागवाल्यालाही आपले म्हणणे मांडता येते आणि मुदत संपली की फेरविचार होतो. वळवून आणलेल्या मालासाठी उत्पत्तीच्या पुराव्याचे नियम २०२० मध्येच कडक केले आहेत. हे मार्ग कष्टाचे आहेत, खरे. पण गुणवत्ता आदेशाचा मार्ग सोपा वाटतो तो केवळ त्यात कोणाला काही सिद्ध करावे लागत नाही म्हणून. आणि आपण असा नियम वापरला की उद्या युरोपने हापूसवर संशय घेतला तर शास्त्रीय पुरावा मागण्याचे आपले तोंड राहत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने पॉलिएस्टर धागे, प्लास्टिकचा कच्चा माल आणि व्हिस्कोस यांवरचे आदेश मागे घेतले. चांगले झाले. पण ते आदेश ज्या घाईने आले होते त्याच घाईने गेले, आणि ते आणताना कोणाचे चुकले याची चर्चा झाली नाही. उरलेले आदेश अजून शंभराच्या वर आहेत. इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगावच्या खासदारांनी संसदेत प्रत्येक आदेशाबद्दल चारच गोष्टी विचाराव्यात: हा आदेश कोणाच्या मागणीवरून निघाला, त्यामागे कोणत्या अपायाची नोंद होती, किती परदेशी कारखान्यांनी परवान्यासाठी अर्ज केले, आणि त्यांतल्या किती जणांकडे आपला अधिकारी प्रत्यक्ष जाऊन आला. आयातशुल्काचा दर अर्थसंकल्पात छापून येतो, त्यावर मतदान होते. या चार गोष्टींवर अजून एकदाही झालेले नाही.